खुराड्यातला खोकला

बिरदेवनं मेंढरं विकली आणि पुढच्याच महिन्यात सरकारनं त्याला कोंबड्या दिल्या. त्यानं मागितल्या नव्हत्या. शेळगावच्या शिवारात कुणीच मागितल्या नव्हत्या; पण विकास योजनेच्या ट्रकमधून त्या आल्या होत्या, आणि ट्रक रिकामाच परत आला पाहिजे असा वरचा हुकूम होता.

सरपंच मोहनरावांनी चावडीपुढं माणसं गोळा केली आणि घसा साफ केला. मोहनरावांचा घसा साफ होणं हा गावातला एक स्वतंत्र कार्यक्रम होता. आधी दोन बारीक खाकरे, मग जरा थांबणं, मग तिसरा लांबलचक, वरून निघून घरंगळत खाली येणारा. तो खाली येऊन टेकेपर्यंत कुणी हूं की चूं करत नसे. त्यानंतर ते जे बोलत ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नसे.

“लेगान जात हाय,” ते म्हणाले. “विलायती. रोजच्या रोज अंडं. खुडूक बसत न्हाय, गावभर हिंडत न्हाय, दिवस बुडाला की आपल्या पायांनी खुराड्यात. धा वर्सं झाली स्वराज्याला आणि कोंबडी अजून गावरानच. शोभतं का आपल्याला?”

शोभतं की नाही ते ठरायच्या आतच माणसं मागच्या मागं पांगायला लागली. बिरदेव उंच होता, पांगताना डोक्यानं वर दिसला.

“बिरदेवा, तुझा वाडा मोकळाच पडलाय की,” मोहनराव म्हणाले.

“तात्या, मी मेंढरामागचा माणूस. ह्यातलं मला काय कळतंय?”

“कळायचं काय त्यात? मेंढरू पांढरं, ही बी पांढरी.”

“आता पिसांची घोंगडी विण म्हणावं,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. बिरदेवही हसला. हसल्याशिवाय तिथून निघता येत नव्हतं.

त्याचं घर गावाच्या अगदी शिवेवर होतं, कालव्याच्या फाट्याच्या कडेला. अंगणापासून हाकेच्या अंतरावर शेंदूर फासलेला शिवेचा धोंडा. फाट्याला पाणी आलं, दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला, आणि मेंढरांनी तोंड घालावं अशी जागा उरली नाही, म्हणून ती विकावी लागली. मेंढरांच्या वाड्यात आता वीसेक कोंबड्या उभ्या होत्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. पांढरं अंग, लाल तुरा, पिवळे पाय. एकीकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली की पहिली कुठली होती ते कळत नसे.

पहिल्या दिवशी बिरदेव खांद्यावर घोंगडी टाकून त्यांच्यापुढं उभा राहिला. जीभ टाळूला लावून त्यानं टक् केलं. आयुष्यभर मेंढरांच्या धुळीत चालून त्याला एक कोरडा खोकला जडला होता, तो या टक्‌च्या शेपटाला आपोआप यायचा. टक्, खक्. एवढ्यावर सगळा कळप वळायचा. कोंबड्यांतली एकही वळली नाही. एकीनं त्याच्या वहाणेवर घाण केली. तो घोंगडी झटकून फाट्यातला गाळ काढायच्या कामावर गेला तो रोजच जायला लागला.

कोंबड्या राहिल्या सारजाच्या अंगावर. सारजा त्याची बायको. बोलायला कमी आणि हाताला उरकती. तिनं चुलीतली राख त्यांच्या अंगावर उधळली, कण्या भिजवल्या, जुन्या तट्ट्यांचं खुराडं बांधलं. दिवस मावळताना ती नुसती दारात उभी राहायची आणि कोंबड्या एकामागं एक, शाळेतल्या पोरींसारख्या, आत जायच्या. ज्या त्या आपल्या जागेवर बसायच्या. अंडी इंदापूरच्या बाजाराला जायला लागली. घरात गूळ दिसायला लागला. सासू साखरबाई चहा प्यायला शिकली आणि कोंबड्यांना नावं ठेवायची बंद झाली.

आषाढात ताप आला.

तो बोटीतून आला असं म्हणत. बोटीतून मद्रासला, तिथून आगगाडीनं, आणि शेवटी आमच्या तुमच्यासारखा यष्टीनं. अंग ठणकायचं, डोळे लाल व्हायचे, आणि खोकला असा की बरगड्या मोजून घ्याव्यात. घरटी एक तरी आडवा झाला. साखरबाईनं एकदा सगळ्यांकडं बघून घेतलं आणि म्हणाली, “मानमोडी हाय ही. मी ल्हान हुते तवा आलीवती. एका तिरडीवर दोघं दोघं न्यायचे.”

गावात कोंबड्यांच्या मरीलाही मानमोडीच म्हणत. माणसांची एक आणि कोंबड्यांची एक अशा दोन रोगांना लोकांनी एकच नाव ठेवलं, यात निव्वळ आळस आहे, असं ग्रामसेवक कुंडलिक याचं मत होतं. त्याला नुकतीच नोकरी लागली होती.

गावात पहिले पडले ते मोहनराव. सरपंच असल्यामुळं बाहेरून येणारं सगळं आधी त्यांच्याकडंच यायचं. त्यांच्यावरून सावळाराम देवऋषीनं कोंबडी ओवाळली. रीत अशी, की कोंबडी आजाऱ्यावरून ओवाळायची, आजाऱ्यानं तिच्या चोचीवर तीनदा फुंकायचं, म्हणजे आत असेल ते तिच्यात जातं; मग तिच्या डोक्याला हळदकुंकू लावून दिवस बुडताना शिवेवर सोडायची आणि मागं न बघता परत यायचं. पुढं त्या कोंबडीचं आणि त्या तापाचं काय व्हायचं ते शिवेपल्याडच्या गावानं बघायचं. पल्याडचं गावही हेच करायचं. त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती.

गावरान कोंबडी ओवाळून झाली, मोहनरावांचा ताप तसाच. सावळाराम दोन दिवस विचारात पडला.

“ह्यो ताप हितला न्हाय,” तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. “इलायती हाय. गावरान कोंबडीला त्येची बोली उमगत न्हाय. इलायती कोंबडी पायजे.”

हे सगळ्यांना एकदम पटलं. इतकी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही, म्हणून काहींनी कपाळावर हात मारून घेतला.

सावळाराम पायलीभर जोंधळा घेऊन सारजाच्या अंगणात आला. “सारजे, एक लेगान दे. तात्यांच्या जिवाचं हाय.”

सारजानं हाताला लागली ती दिली. संध्याकाळी शिवेच्या धोंड्यापाशी तिनं माणसाची आकृती वाकताना पाहिली, मग पाठ फिरवून झपाझपा जाताना. रीतीप्रमाणं त्यानं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं, की कोंबडी जरा वेळ धोंड्यावर उभी राहिली, मान वाकडी करून मावळतीकडं बघितलं, आणि मग घाईनं, पोटावरची पिसं सावरत, सारजाच्या खुराड्याकडं चालायला लागली.

सारजा दार लावायला वाकली तेव्हा ती शेवटून आत शिरली. डोक्यावर ओलं कुंकू.

“आत्याबाई,” सारजा हळू म्हणाली. “परत आली.”

साखरबाईनं पदर तोंडाला लावला. “हाकल तिला.”

“कुठं हाकलू? हितलीच हाय ती.”

“मग बोलू नगं कुणापाशी. कोंबडी परत आली म्हंजी ताप परत आला असं म्हनतील. तात्यांना काय झालं तर आपल्या नावावर.”

सारजानं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. पुसताना कोंबडी स्वस्थ बसून होती, लाड करून घेतल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मोहनरावांचा ताप उतरला. तो तसाही उतरायला आला होता. पण हे सांगायचं कुणी? दुपारपर्यंत सारजाच्या अंगणात माणसं उभी. द्वारकाबाईला एक, म्हाताऱ्या चंद्राबाईला एक, सुताराला एक, शाळामास्तरांना एक. मास्तर म्हणाले, माझा विश्वास नाही, पण घरातली ऐकत नाहीत. आणि त्यातल्या त्यात मोठी निवडून घेऊन गेले. घरोघरी पिवळ्या चोचींवर फुंकरा पडल्या. आणि रोज दिवस मावळताना शिवेकडून ओळीनं कोंबड्या येत राहिल्या, लाल कपाळाच्या, पाहुणचार घेऊन आल्यासारख्या. सारजा फडकं भिजवून बसायची.

गाव बरा होत चालला. देवऋषीचा भाव वाढला.

मग एका संध्याकाळी सारजा कण्या निवडत असताना खुराड्यातून आवाज आला. खाकरल्यासारखा. दोन बारीक, जरा थांबून तिसरा लांब, वरून घरंगळत खाली येणारा.

सारजा उठून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर आली. सरपंच दारात आले की बाई तसंच करते. अंगणात कुणी नव्हतं.

“तात्या?” तिनं विचारलं.

खुराड्यात पुन्हा दोन बारीक, एक लांब.

ती तट्ट्याजवळ बसली. आत अंधारत चाललं होतं, कोंबड्या ज्या त्या जागेवर होत्या. मोहनरावांच्या कोंबडीच्या शेजारची अंग चोरून खोकली; तोंडावर पदर धरल्यासारखी, तीन वेळा. ती द्वारकाबाई. कोपऱ्यातली खोकून झाल्यावर ‘आई गं’ म्हटल्यासारखा उसासा टाकायची. ती चंद्राबाई. मास्तरांची खोकायची नाही. खोकला दाबून धरायची आणि मग सगळा एकदम सोडायची.

साखरबाई काठी टेकत मागं येऊन उभी राहिली. बराच वेळ दोघी ऐकत होत्या. गावातल्या घराघरांतून जो खोकला गेला होता तो सगळा तिथं होता, ओळीनं.

“सारजे,” म्हातारी म्हणाली, “अख्खा गाव बसलाय गं आत.”

“थंडी लागली असंल त्यास्नी.”

“व्हय. द्वारकाबाईची थंडी.”

बिरदेव कामावरून आला, त्याला सांगितलं. त्यानं चिखलाचे पाय फाट्यात धुतले, खुराड्यापाशी उकिडवा बसून ऐकलं. मोहनरावांचा खाकरा झाला तेव्हा त्यालाही नकळत उठून उभं राहावंसं वाटलं. मग तो हसायला लागला.

“चावडीवर बसवा म्हनावं हिला. सभा चालवंल.”

पण जेवताना त्यानं दोनदा मान वळवून खुराड्याकडं बघितलं.

पुढं दोनच दिवसांनी कोपऱ्यातला उसासा आला नाही. सारजानं हात घालून बघितलं. चंद्राबाईची कोंबडी मान टाकून पडली होती, तुरा जांभळाकाळा. ती तिला फडक्यात गुंडाळत होती, तेवढ्यात गावातून कुंडलिक सायकल ढकलत चालला होता. चेहरा उतरलेला.

“काय झालं वं रावसाहेब?”

“म्हातारी गेली. चंद्राबाई. बरी झाली होती, काल भाकरी खाल्ली, आणि आत्ता एकाएकी.” तो फडक्याकडं बघायला लागला. “हे काय?”

“काय न्हाय,” सारजा म्हणाली. “कोंबडं.”

त्या दिवसापासून तिला संध्याकाळची धास्ती बसली. ती खुराड्यापाशी बसून एकेक खोकला ओळखून घ्यायची. द्वारकाबाई हाय. सुतार हाय. मास्तर हाय. सगळ्यांची हजेरी लागली की मगच जेवायला उठायची.

असंच एकदा ऐकताना सगळे लागले आणि एक जास्त आला.

टक्, खक्.

सारजानं मागं बघितलं. बिरदेव दारात बसून पायातला काटा काढत होता. तोंड मिटलेलं होतं. मधल्या ओळीतून, खालच्या बाजूनं, पुन्हा: टक्, खक्.

“अवं,” ती म्हणाली, “तुमी कोंबडीवर फुंकलं का कवा?”

“मी कशाला फुंकतुया?”

“मग जवळ गेलावता का?”

“खुराडं झाडलं की काल. तूच म्हनालीस झाडा.” त्यानं तिच्याकडं बघितलं. “का गं?”

तेवढ्यात खुराड्यातून आलं. टक्, खक्. बिरदेवच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यानं घसा हात लावून बघितला, जणू खिशातली वस्तू आहे की नाही ते चाचपावं.

सकाळी तो कामावर गेला नाही. अंगात चुलीगत ताप होता. हा ताप गावात बघितला होता त्याच्यापेक्षा वेगळा. ओठ जांभळे पडत होते, श्वास घेताना छाती भात्यासारखी वर येत होती. घोंगडी घेऊन तो भिंतीकडं तोंड करून पडला. साखरबाई म्हणाली, “ओवाळायला पायजे.”

“कोणची ओवाळू, आत्याबाई? समद्या भरलेल्या हायत.”

म्हातारीनं लेकाच्या कपाळावर हात ठेवला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मग त्येची जी हाय, ती मरू देऊ नगं.”

सारजानं दोन वाट्यांत काढा केला. आलं, तुळस, गूळ. एक वाटी नवऱ्याला, एक खुराड्यात. संध्याकाळी आवाजावरून ती त्याच्या कोंबडीपर्यंत हात न्यायची, मांडीवर घ्यायची आणि चोचीत बोटानं थेंब थेंब सोडायची. आत बिरदेव खोकला की मांडीवरची खोकायची. कधी मांडीवरची आधी खोकायची. तसं झालं की सारजा आत पळायची. दिवसा मात्र उजेडात सगळ्या एकसारख्या, गप्प, डोळे अर्धे मिटून उभ्या. त्यातली तिचा नवरा कुठली, ते तिला दिवसा सांगता आलं नसतं.

कोंबड्या मरायला लागल्याचं गावात कळलं. जीप आली. इंदापूरकडून माणसांचे डॉक्टर आणि बारामतीकडून कोंबड्यांचे साहेब एकाच जीपमधून आले, सरकारचं पेट्रोल वाचावं म्हणून. डॉक्टरांनी बिरदेवच्या छातीला नळी लावली, एक बाटली दिली, आणि उठला तर अंगात ताकद यायला कोंबडीचा रस्सा द्या म्हणून सांगितलं.

“कोंबड्या बी खोकत्यात, साहेब,” सारजा म्हणाली. “माणसांवानी.”

“कोंबडी माझ्याकडं येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

कोंबड्यांचे साहेब खुराड्याजवळ रुमाल धरून उभे होते. “हा कोंबड्यांचा रोग आहे. माणसाचा कोंबडीला जात नाही, कोंबडीचा माणसाला येत नाही.”

“आमच्या धन्याला आला.”

“माणूस माझ्याकडं येत नाही, बाई.”

एवढं बोलून साहेब शिंकले. मग डॉक्टर शिंकले. मग जीपचा ड्रायव्हर. जीप धुरळा उडवत गेली आणि हुकूम मागं राहिला: योजनेच्या सगळ्या कोंबड्या खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. बजावणी सरपंचांनी करावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहनराव आले. बरोबर कुंडलिक, कुदळीवाले दोन गडी आणि चुन्याचं पोतं. मागं निम्मं गाव, नाकाला उपरणी लावून. ज्यांनी त्या कोंबड्यांच्या चोचींवर फुंकलं होतं, तेच आता अंगणाबाहेरून ओरडत होते, “लांब धरा, लांब! ताप हाय त्यात!”

“आमचाच हाय की,” साखरबाई आतून म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही.

सारजा मोहनरावांच्या पुढं जाऊन उभी राहिली. “तात्या, एक सोडा. एकच.”

“एक कशाला?”

तिला सांगता येईना. “घरात आजारी माणूस हाय.”

“म्हनूनच, सारजा. तुझ्याच भल्याचं हाय.” त्यांनी घसा साफ केला, दोन बारीक, एक लांब. “काढा रे भाईर.”

गडी खुराड्यात शिरले. खड्डा फाट्याच्या कडेला, शिवेच्या धोंड्याजवळच खणला होता. कोंबड्या पायांना धरून, उलट्या, मुठीमुठीनं बाहेर यायला लागल्या. सारजा वाकून वाकून एकेकीच्या तोंडाशी कान नेत होती. एकही खोकेना. इतके दिवस गाव डोक्यावर घेणाऱ्या, आता चोची मिटून, गोल डोळ्यांनी आभाळाकडं पायाकडून बघत होत्या.

“अवं, खोका,” ती म्हणत होती. “एकदा खोका की.”

“येडी झाली का काय ही?” कुणीतरी म्हणालं.

आत बिरदेव खोकला. नुसती खरखर. त्याच वेळी एका गड्याच्या मुठीतली एक कोंबडी फडफडली. सारजानं तिच्यावर झडप घातली, हिसकावली आणि लुगड्याच्या पदराखाली घेऊन घरात शिरली. गडी मागं धावला, पण कुंडलिकनं त्याला दंडाला धरून थांबवलं. “राहू दे. मोजल्या होत्या कुणी?” म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं सरकारी काम, आणि त्यानं ते नीट केलं.

सारजानं कोंबडी बिरदेवच्या घोंगडीखाली, त्याच्या पोटाशी घातली आणि वर हात दाबून बसली. बाहेर मातीची ढेकळं पडल्याचा आवाज येत होता. बराच वेळ पडत होती. मग माणसं पांगली.

ऊन कललं. घोंगडी वर खाली होत होती. साखरबाई उंबऱ्यावर बसून होती.

घोंगडीखालून आलं. दोन बारीक. जरा थांबून एक लांब, वरून घरंगळत खाली.

सारजानं घोंगडीवर दाबलेले हात काढून घेतले.

“कोन आलं?” साखरबाईनं बाहेर बघितलं.

“कोन न्हाय, आत्याबाई. मी तात्यांना आणलं.”

ती उठली आणि कुदळ घेऊन खड्ड्याकडं गेली. चुन्याची वाफ निघत होती. तिनं दोन कुदळी मारल्या, माती भाजल्यासारखी गरम होती. खाली सगळं एक झालं होतं. ती गुडघ्यावर बसली, जमिनीला कान लावला. काही नाही. मग खूप खालून, उशीत तोंड घालून कुणी बोलावं तसं: टक्, खक्.

एकदाच.

ती घराकडं पळाली. पायरीला ठेचकाळली, आत आली. बिरदेव उठून बसला होता. कपाळावर घाम, घोंगडी बाजूला पडलेली, आणि तो हातानं खूण करत होता: भाकरी.

“बसला गं, आपल्या आपण बसला,” साखरबाई रडत होती. “हात लावून बघ, ताप न्हाय.”

ताप नव्हता. ओठ पांढरट पडले होते, पण जांभळे नव्हते. सारजानं भाकरी दुधात कुस्करली. तो खात होता, ती बघत होती. “बरं वाटतंय का?” तिनं विचारलं. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली. काही आलं नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. जीभ टाळूला लावली, सोडली. वाजलं नाही.

चार दिवसांनी तो अंगणात काठी धरून फिरायला लागला. बाटली संपली, घसा दुखत नव्हता, खोकला नव्हता, आवाजही नव्हता. साखरबाईला ताकदीची काळजी. डॉक्टर रस्सा सांगून गेले होते आणि घरात कोंबडी एकच होती. ती दिवसभर चुलीपाशी बसायची आणि अधूनमधून सभा सुरू करायची. म्हातारीनं विळी मांडली.

“आत्याबाई, ती तात्यांची हाय.”

“मग तर बरंच की. चांगली पोसलेली असंल.”

“आत्याबाई.”

“त्येनं आपल्या समद्या पुरल्या, तवा त्येला काय वाटलं? धर पाय तिचे.”

तेवढ्यात अंगणात वहाणा वाजल्या. मोहनराव खड्ड्यावर काटेरी फांद्या टाकल्या की नाही ते बघायला आले होते. दारातून त्यांना विळी दिसली, आणि विळीपुढं पांढरी कोंबडी.

“ही कुठली?” ते गरजले. “हुकूम समद्यांचा हुता! एक जरी राह्यली तरी...” पुढचं मोठं होतं, म्हणून ते थांबले आणि घसा साफ करायला लागले. दोन बारीक खाकरे झाले. मग ते रीतीप्रमाणं जरा थांबले.

तिसरा कोंबडीनं दिला. लांबलचक, वरून निघून, घरंगळत खाली.

मोहनरावांनी तिसरा स्वतः देऊन बघितला. तोंड उघडं राहिलं. आतून वारा आला.

“ही... ही कुनाची, सारजा?”

“तुमचीच की, तात्या. पयली तुमच्यावरनं ओवाळली, तीच ही.”

“आनि बिरदेवाची?”

“ती तुमी पुरली.”

मोहनरावांनी बिरदेवकडं बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, धडधाकट. त्यानं सरपंचांना रामराम करायला तोंड उघडलं. ओठ हलले आणि मिटले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मोहनराव घाबरट नव्हते, पण सरपंच होते, आणि सरपंचाजवळ घशाशिवाय दुसरं असतं काय?

“रस्सा करनार हाये मी,” साखरबाई म्हणाली. “डाक्टरानं सांगितलंय.”

“म्हातारे, ती विळी आधी मिट,” मोहनराव अगदी हळू म्हणाले. “गावरान कोंबडी धाडतो. दोन धाडतो.”

दोन आल्या. मागून कण्यांचं पोतं आलं, नवा तट्ट्या आला. गावात कुणी विचारलं नाही. मोहनराव आता चावडीवर दोनदा खाकरून थांबतात आणि लोक तिसऱ्याची वाट बघत बसून राहतात, एवढंच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कधीकधी ते तसंच बसून, काहीच न बोलता, सभा संपते.

रोज दिवस मावळताना ते फाट्याच्या कडेनं येतात. आत येत नाहीत. कुंपणाबाहेर, खड्ड्याच्या अलीकडं थांबतात.

“सारजा, झाकली का?”

“झाकली, तात्या.”

“खाल्लं का तिनं?”

“खाल्लं. तुमी बी आता घरी जावा, गार वारं सुटलंय. तुमास्नी सोसायचं न्हाय.”

एकदा ते असेच वळून निघाले आणि थबकले. त्यांच्या पायांच्या बाजूनं, काट्यांच्या खालून, मातीतून स्पष्ट आलं.

टक्, खक्.

“सारजा,” त्यांनी मागं न बघता विचारलं. “ते काय वाजलं?”

बिरदेव दारात बसला होता, तोंड मिटून, ताटाची वाट बघत. सारजानं भाकरी हातावर घेतली.

“आमचं धनी हाका मारत्यात,” ती म्हणाली. “जेवायची वेळ झाली.”